मोजक्या पाहुण्यांचे लग्न, छत्तीस फ्रेमचा रोल

श्रीपूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर) : साखर कारखान्याभोवती वसलेल्या श्रीपूरसारख्या गावात उसाचा गळीत हंगाम ओसरू लागला की लग्नसराईला वेग येतो. अकलूज-पंढरपूर परिसरात मंगल कार्यालयांची प्रथा रूढ होण्यापूर्वी वधूच्या दारातच मांडव पडत असे आणि घरच्या ओसरीवर, मोजक्या आप्तांच्या साक्षीने अक्षता पडत. अशा घरगुती लग्नाची छायाचित्रे फिल्मच्या रोलवर टिपण्याकडे काही तरुण जोडपी आज पुन्हा वळत आहेत. ही हौस आकर्षक असली तरी सोपी नाही. तिचे तंत्र आणि तिच्यातील धोके आधी समजून घेणे आवश्यक आहे.

साधेपणाची परंपरा

साध्या लग्नाला महाराष्ट्रात वैचारिक अधिष्ठानही आहे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी पार पडला. त्यात भटजी नव्हते आणि अवाजवी खर्चही नव्हता. अलीकडे छोट्या लग्नाची सवय लावली ती करोनाने. २०२० मध्ये लग्नाला ५० जणांची मर्यादा होती. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने ती २५ जणांवर आणि सोहळ्याचा अवधी दोन तासांवर आणला. सक्ती गेली, तरी घरच्या घरी लग्न नीट होऊ शकते हा अनुभव अनेक कुटुंबांच्या गाठीशी राहिला.

प्रत्येक फ्रेमचा हिशेब

३५ मिमीच्या रोलमध्ये ३६ छायाचित्रे येतात. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या परिचयाच्या १२० च्या रोलवर, चौरस आकारात, केवळ १२. चार रोल घेतले तरी ३५ मिमीवर जेमतेम १४४ फ्रेम हाती असतात. डिजिटल कॅमेऱ्यावर एवढी छायाचित्रे हळदीच्या कार्यक्रमातच संपतात. त्यामुळे छायाचित्रकाराला विधींचा क्रम आधीच ठाऊक असावा लागतो. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो आणि त्या वेळी रोल संपलेला असेल तर इलाज नसतो. म्हणूनच अनुभवी छायाचित्रकार मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वी रोल बदलून घेतो, मग आधीच्या रोलमधील दोन-चार फ्रेम वाया गेल्या तरी चालतात.

खोलीतला उजेड

घरातील खरी अडचण उजेडाची आहे. कार्यालयातील झगमगाट येथे नसतो. खिडकीजवळ दिवसा ४०० आयएसओची फिल्म, एफ २.८ छिद्र आणि सेकंदाचा साठावा भाग एवढ्यावर काम भागू शकते. देवघराजवळच्या मंद बल्बखाली मात्र एफ २ आणि सेकंदाचा तिसावा भाग लागतो. अशा वेळी हात हलला की चेहरा अस्पष्ट येतो. बाजारातील बहुतेक रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते. पिवळ्या बल्बखाली तिच्यावर नारिंगी छटा चढते, तर जुन्या ट्यूबलाइटखाली हिरवट. हळद लागलेल्या चेहऱ्याचे रंग त्यात हमखास बिघडतात. म्हणून मुहूर्त शक्यतो दिवसाचा असावा आणि वधू-वरांचे पाट खिडकीच्या किंवा अंगणाच्या बाजूला मांडावेत. रंगीत निगेटिव्ह थोडा अधिक प्रकाश सहन करते, अपुरा प्रकाश सहन करत नाही. शंका असेल तेथे प्रकाश जास्त द्यावा, हा नियम त्यातूनच आला.

सोलापूरचा उन्हाळा

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नतिथीही याच दिवसांत येतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेल्या फिल्मचे रंग बिघडतात. कोरा रोल थंड जागी ठेवावा आणि फ्रीजमधून काढल्यावर डबी लगेच उघडू नये, अन्यथा फिल्मवर दव धरते. वापरलेला रोल लवकरात लवकर धुवायला द्यावा. तो विमानाने न्यायचा असल्यास हातातील सामानातच ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी, कारण विमानतळांवरील नव्या सीटी स्कॅनरमुळे न धुतलेली फिल्म खराब होऊ शकते.

कृष्णधवल रोल साधारणपणे २० अंशांच्या द्रावणात धुतला जातो. उन्हाळ्यात छतावरील टाकीचे पाणी याहून कितीतरी गरम असते, त्यामुळे भांड्याभोवती बर्फ ठेवून तापमान उतरवावे लागते. रंगीत रोलच्या सी-४१ प्रक्रियेला उलट ३७.८ अंश लागतात आणि त्यात अंशाच्या भागाचाही फरक चालत नाही. गावोगावच्या कलर लॅब डिजिटलच्या लाटेत बंद पडल्यामुळे हे काम आता बहुधा कुरिअरने मोठ्या शहरात पाठवावे लागते. फिल्मही आयातच करावी लागते, कारण उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी उपक्रम बंद झाला आहे.

पुरावा आणि वारसा

लग्नाचे छायाचित्र केवळ आठवण नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा अधिनियम आहे. नोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका व विधीचे छायाचित्र मागितले जाते. घरगुती लग्नात कार्यालयाची पावती नसते, त्यामुळे छायाचित्राचे मोल वाढते. रोल धुऊन येण्यास लागणारे दिवस आणि तो वाया जाण्याची शक्यता पाहता, विधीची दोन-चार छायाचित्रे मोबाइलवरही काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

जुन्या लग्नांच्या निगेटिव्हचा प्रश्न याहून निकडीचा आहे. बऱ्याच घरांत प्रिंट आहेत, पण निगेटिव्ह स्टुडिओकडेच राहिल्या. स्टुडिओ बंद झाला की त्या रद्दीत जातात. १९७०-८० च्या दशकांतील अनेक रंगीत प्रिंट आज तांबूस दिसतात, कारण त्यांतील निळसर रंगद्रव्य आधी उडाले. नीट धुतलेल्या कृष्णधवल प्रिंट त्यामानाने टिकल्या. निगेटिव्हच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजू लागला असे समजावे. ही प्रक्रिया उष्णता व दमटपणामुळे वाढते आणि उलटवता येत नाही. अशा निगेटिव्ह चांगल्यांपासून वेगळ्या करून त्वरित स्कॅन कराव्यात. उरलेल्या निगेटिव्ह आम्लविरहित कागदी पाकिटांत, माळ्यावर न ठेवता घरातील सर्वांत थंड व कोरड्या खोलीत ठेवाव्यात. चिकट पानांच्या अल्बममधील प्रिंट ओढून काढू नयेत, पानासह स्कॅन करून घ्याव्यात. परिसरातील जुना स्टुडिओ अजून सुरू असेल, तर आपल्या घरातील लग्नाच्या निगेटिव्हची चौकशी याच लग्नसराईत करावी.