कॉन्टॅक्ट लेन्स वापरताना येणारी अंधुकता : कारणे आणि उपाय

प्रस्तावना :
झेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ मध्ये मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांपासून तयार केलेल्या यंत्रावर मृदू भिंगे घडविली. तेव्हापासून भिंगाचे द्रव्य पुष्कळ सुधारले. तरीही ‘लेन्स घातल्यावर अंधुक दिसते’ ही तक्रार कायम आहे. अंधुकता केव्हा येते, कशाने जाते आणि भिंग काढल्यावरही राहते काय, या तीन प्रश्नांवरून तिचे मूळ बहुतांशी ओळखता येते. यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय.

अश्रूंचा थर :
पापण्यांची उघडझाप केल्यावर क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर होत असेल, तर भिंगावरील अश्रूंचा थर लवकर तुटतो आहे, असे समजावे. वाचताना किंवा संगणकावर काम करताना उघडझाप नकळत कमी होते. पंख्याचा वा वातानुकूलन यंत्राचा झोत त्यात भर घालतो. अश्रूंतील प्रथिने व स्निग्ध पदार्थ साचलेले जुने भिंग तर अधिकच लवकर कोरडे पडते. अशा वेळी जाणीवपूर्वक पूर्ण उघडझाप करणे, लेन्सवर चालणारेच थेंब वापरणे आणि भिंग मुदतीत बदलणे हे उपाय पुरेसे ठरतात. मासिक भिंगाची मुदत वेष्टन उघडल्या दिवसापासून मोजावयाची असते, प्रत्यक्ष वापराच्या दिवसांवरून नव्हे.

भिंगाचा क्रमांक व स्थिती :
भिंग घातल्यापासूनच अंधुक दिसत असल्यास साध्या शक्यता आधी तपासाव्यात. उजवे भिंग डाव्या डोळ्यात गेले असेल, किंवा ते उलटे झाले असेल. बोटावर ठेवलेल्या भिंगाची कड वाटीसारखी सरळ वर न जाता बशीसारखी बाहेर पसरली, तर ते उलटे आहे. चष्म्याचाच क्रमांक लेन्सला चालतो, हा समजही चुकीचा आहे. डोळ्यापासून १२ मिलिमीटर अंतरावरील उणे ६ क्रमांकाच्या चष्म्याचे काम डोळ्यावर बसणारे सुमारे उणे ५.६ चे भिंग करते. ‘सिलिंडर’ क्रमांक असणाऱ्यांचे भिंग डोळ्यात फिरले, तरीही दृष्टी बिघडते; ३० अंश फिरल्यास सिलिंडरचा लाभ जवळजवळ शून्य होतो. 

उणे क्रमांकाच्या व्यक्तीला चाळिशीच्या सुमारास आणखी एक अनुभव येतो : दूरचे स्वच्छ दिसते, पण उत्तरपत्रिकेतील अक्षरे पुसट वाटतात. चष्म्याच्या तुलनेत लेन्समधून जवळचे पाहताना अशा डोळ्याला अधिक समायोजन करावे लागते, म्हणून चाळिशी लेन्सधारकाला थोडी आधीच जाणवते. दोष येथे लेन्सचा नसतो.

भिंग काढल्यावरही टिकणारी अंधुकता :
पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या द्वारे मिळतो. भिंग घालून झोपल्यास हा पुरवठा घटतो, पारपटल सुजते आणि सकाळी दिव्यांभोवती वलये दिसतात. याहून गंभीर धोका जंतुसंसर्गाचा आहे. नळाच्या व टाकीच्या पाण्यात आढळणारा अकँथामिबा हा सूक्ष्मजीव कोशावस्थेत क्लोरीनलाही दाद देत नाही. म्हणून भिंग किंवा त्याची डबी साध्या पाण्याने धुणे, तसेच लेन्स घालून पोहणे वा स्नान करणे टाळावे. डबीतील कालच्या द्रावणात नवे द्रावण ओतणे ही काटकसरही महागात पडते. २००६ मध्ये फ्युजेरियम बुरशीच्या नेत्रसंसर्गाची साथ अनेक देशांत आढळली. एका द्रावणाशी तिचा संबंध दिसून आल्याने ते जगभरातून मागे घेण्यात आले. जुन्या द्रावणात भर घालण्याची सवयही त्या तपासात पुढे आली होती.

अंधुकतेबरोबर वेदना, लाली, प्रकाश सहन न होणे किंवा पारपटलावर पांढरा ठिपका यांपैकी काहीही असल्यास भिंग तत्काळ काढावे, पुन्हा घालून पाहू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त थेंब परस्पर आणणे विशेष घातक, कारण त्याने लाली ओसरते पण संसर्ग आत वाढत राहतो. काढलेले भिंग व डबी टाकून न देता सोबत न्यावी. जंतू कोणता, हे त्यांच्या तपासणीतूनही कळू शकते.