घरातली यंत्रं (९) : नेट गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

गेल्या वर्षी हरतालिकेच्या संध्याकाळी मावशीचा गुहागरहून फोन आला. "अरे, नेट गेलंय. दादा दुबईहून उद्याची आरती बघणार म्हणून बसलाय." मी पुण्यात. काय काय करून पाहिलंस, विचारलं. म्हणाली, "बंद-चालू केलं. तीनदा."

'लाईट गेली' आणि 'नेट गेलं' ही वाक्यं आपण एकाच सुरात म्हणतो. लाईट गेली की पंखा थांबतो, शेजारी डोकावून पाहिलं की गल्लीची गेलीय की आपलीच, ते कळतं. नेट मात्र निदान पाच ठिकाणी जाऊ शकतं: फोन आणि राउटर यांच्या मधल्या हवेत, खुद्द राउटरमध्ये, घरातून खांबाकडे जाणाऱ्या तारेत, कंपनीच्या केंद्रात, नाहीतर जे संकेतस्थळ उघडायचंय त्याच्याच दारात. बंद-चालू हा उपाय यातल्या एकदोन जागी लागू पडतो. बाकी ठिकाणी तो अंगाऱ्याइतकाच गुणकारी.

एक घोळ आधीच मिटवू. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. फोनच्या कोपऱ्यातल्या त्या पंख्यासारख्या चिन्हाच्या रेघा भरलेल्या असतात, तेव्हा फोन आणि राउटर यांचं जमलंय एवढंच कळतं. त्यापुढे तारेत काय चाललंय याची त्या रेघांना गंधवार्ता नसते. "रेंज फुल आहे, तरी नेट नाही" यात म्हणूनच नवल काही नाही.

मावशीला म्हटलं, डब्यावरचे दिवे वाच. फायबरचं कनेक्शन असलेल्या घरात जो डबा असतो, त्यावर साधारणपणे 'पॉवर', 'पॉन' आणि 'एलओएस' अशी नावं असतात. 'पॉन' स्थिर हिरवा असेल तर काचेच्या तारेतून प्रकाश येतोय आणि कंपनीच्या केंद्राने तुमचा डबा ओळखलाय. 'पॉन' लुकलुकतोय म्हणजे प्रकाश येतोय, पण ओळख पटवणं चाललंय. दहा मिनिटं तसंच राहिलं तर दोष बहुधा केंद्राच्या बाजूला. आणि 'एलओएस' लाल झाला तर प्रकाशच पोचत नाही, किंवा इतका मंद पोचतो की डब्याला तो वाचता येत नाही. दुरुस्तीला येणारी मुलं त्याला सरळ 'लॉस' म्हणतात.

मावशीकडे लॉस लाल होता. तिच्या तीन बंद-चालूंचा काही उपयोग का झाला नाही, ते इथेच कळलं.

ही तार माणसाच्या केसाच्या आसपास जाडीची असते आणि प्रकाश तिच्या मधल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. वाकलेल्या काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येतं, हे मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत १९५४ साली लंडनमध्ये दाखवून दिलं. पण वाकण्याला मर्यादा आहे. तार फार तीव्र कोनात दुमडली की प्रकाश वळणावर काचेतून बाहेर सांडतो. तार तुटलेली नसते, वरून धडधाकट दिसते, आणि तरी लॉस लाल. तंत्रज्ञ मीटर लावून "उणे बावीस" वगैरे म्हणतो, तो त्या प्रकाशाचा हिशेब. यातल्या दर ३ च्या घसरणीला प्रकाश निम्मा होतो. उणे २७ च्या पलीकडे घरातल्या नेहमीच्या डब्याला काही दिसेनासं होतं. उणे २६ वर चालणारं कनेक्शन म्हणूनच चालतं, पण कशानेही कोलमडतं. तंत्रज्ञ आला की हा आकडा विचारून लिहून ठेवा. नंतर तक्रार करताना फार कामाला येतो.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. केंद्रातून निघालेली एक तार वाटेत स्प्लिटरने फुटून ३२ किंवा ६४ घरांना प्रकाश वाटते. त्याच कंपनीच्या शेजाऱ्याकडेही लाल असेल तर दोष बाहेर: रस्ता खोदलाय, फांदी पडलीय, वानरांनी तारेवर झोके घेतलेत. आपल्या एकट्याकडेच असेल तर घरापाशी शोधा. मावशीने परड्यातून हाक मारून विचारलं. शेजारच्यांचं चालू होतं.

"आज घरात काही हलवलंस का?"

"मखरासाठी जागा केली ना. लोखंडी कपाट भिंतीला सरकवलं."

कपाट चार बोटं पुढे ओढलं. मागे पिवळी तार भिंत आणि कपाटाच्या कडेत चिमटली होती. ती सैल झाली, लाल दिवा विझला, अर्ध्या मिनिटात 'पॉन' हिरवा. नशीब चांगलं म्हणायचं. काच आतून तडकली असती तर तंत्रज्ञच लागला असता, आणि चतुर्थीच्या दिवशी कोकणात तंत्रज्ञ मिळवून दाखवा! एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या: सुटलेल्या तारेचं टोक डोळ्यांसमोर धरून 'येतोय का प्रकाश' बघू नका. तो अवरक्त असतो. दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

पंधरा मिनिटांनी मावशीचा पुन्हा फोन. "देवघरात चालतंय. स्वयंपाकघरात गोल गोल फिरतंय." हा दुसरा आजार. इथे तार निर्दोष आणि हवा दोषी. कसं ओळखायचं? राउटरशेजारी उभं राहून तेच पान उघडा. तिथे झटकन उघडलं आणि दोन खोल्या पलीकडे अडलं, तर भांडण वाय-फायशी. तिथेही अडलं तर पुढे बघा. एवढी साधी परीक्षा न करता लोक महागडे राउटर आणतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्या जातात, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, भिंत मात्र सोसत नाही. मावशीच्या भिंती जांभ्या दगडाच्या, श्रावण-भाद्रपदात ओल धरलेल्या. पाणी या लहरी पिऊन टाकतं आणि लोखंड त्या परतवतं. म्हणून कपाटामागे, फ्रिजच्या डोक्यावर किंवा माशांच्या टाकीशेजारी राउटर ठेवू नये. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. दूध गरम होत असताना व्हिडिओ अडखळतो, तो त्याच्यामुळे. शहरातल्या इमारतींत आणखी एक भानगड: २.४ च्या पट्टीत एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. वीस फ्लॅटांचे राउटर त्या तिघांवर दाटीवाटीने बसतात. तिथे फोन ५ च्या पट्टीवर न्यावा. मावशीला मात्र उलटं सांगावं लागलं: राउटर देवघरातून ओटीच्या उंच फळीवर, आणि स्वयंपाकघरातला फोन २.४ वर.

आता समजा दिवे सगळे हिरवे, राउटरशेजारीही नेट नाही. आधी रिचार्ज संपलाय का बघा. हसू नका, मी स्वतः यात फसलोय. मग ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी इंग्रजी आकड्यांत १.१.१.१ टाका. ते पान उघडलं आणि बाकी नावाने काहीच उघडत नसेल, तर डीएनएस बिघडलंय. संकेतस्थळाचं नाव घेऊन त्याचा आकडी पत्ता सांगणारी ही यंत्रणा १९८३ सालची, पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली. कंपनीची ती यंत्रणा आजारी असली तर फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ भरायचं, काम होतं. लॅपटॉपवर स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. इथे मात्र बंद-चालू खरोखर लागू पडतं.

बंद-चालू करायचंच तर पिन काढून अर्धा मिनिट थांबा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर आधी डबा लावा, दिवे स्थिर झाले की राउटर. आणि मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका! तो 'रिसेट' आहे, 'रीस्टार्ट' नव्हे. मी एकदा उत्साहाने टाचणी घातली आणि कंपनीने भरलेलं नाव-पासवर्ड पुसून टाकलं. तीन दिवस शेजाऱ्यांच्या वाय-फायवर काढले.

दोन-तीन वर्षं जुन्या राउटरचं सारखं आपोआप चालू-बंद होत असेल तर राउटरवर राग काढण्याआधी अ‍ॅडाप्टर बदलून पाहा. बरेचसे डबे १२ व्होल्टवर चालतात. अ‍ॅडाप्टर थकला की भार वाढताच व्होल्टेज ढासळतं आणि डबा मान टाकतो. बदली घेताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त.

कस्टमर केअरला फोन करताना "नेट चालत नाही" म्हटलं की ते "राउटर बंद-चालू करा" म्हणणार. "लॉस लाल आहे, शेजाऱ्यांचं चालू आहे, पिन काढून झालीय" म्हटलं की संभाषण तीन पायऱ्या पुढे सरकतं. तक्रारीचा डॉकेट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पुढे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायची वेळ आली तर तोच क्रमांक विचारतात.

यंदा आषाढात मावशीचा फोन आला. "पॉन लुकलुकतोय, लॉस लाल नाही. त्यांना कळवलंय, डॉकेट घेतलाय. तुला सहज केला. आंबोशी पाठवू का?"