शेवटच्या स्वराकडे कान द्या
(स्पॅनिश भाषेतील आदरार्थी आज्ञा)

आज्ञा ही भाषेतली सर्वांत छोटी, पण सर्वांत निकडीची वाक्यरचना होय. एखादे वर्णन नीट कळले नाही, तर फार झाले तर गंमत हुकते. परंतु ‘थांबा’, ‘उजवीकडे वळा’, ‘श्वास रोखून धरा’ हे कळले नाही, तर काम अडते आणि प्रसंगी जिवावरही बेतते. जहाजावर नोकरी करणारा कोकणातला एखादा तरुण मेक्सिकोतील वेराक्रूझ बंदरात आजारी पडला, असे समजा. तिथला डॉक्टर त्याच्याशी स्पॅनिशच बोलणार, आणि तपासताना डॉक्टर बोलतो त्यात आज्ञाच पुष्कळ! त्या कशा ओळखावयाच्या, एवढेच आज पाहू.

स्पॅनिशमध्येही ‘तू’ आहे, आणि त्याचा अर्थ आपल्या ‘तू’सारखाच आहे. तो घरच्या माणसांसाठी. परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला मात्र ‘उस्तेद’ म्हणावयाचे. हा शब्द ‘ब्वेस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवतार आहे. समोरच्याला ‘आपली कृपा’ म्हटले, की क्रियापद आपोआपच तृतीय पुरुषी होणार. आपल्याकडे नाही का, पाहुणे समोर उभे असतानाच ‘पाहुण्यांनी आता जेवायला बसावे’ असे म्हणतात? ‘बस’ हा हुकूम झाला. ‘बसावे’ यात इच्छा आली, अदब आली. स्पॅनिशमधली आदरार्थी आज्ञा म्हणजे हे ‘बसावे’च होय.

आता ती कानाने ओळखावयाची कशी? स्पॅनिश क्रियापदांची मूळ रूपे आर, एर आणि ईर अशा तीन शेवटांची असतात. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘आब्ला’ म्हणजे तो बोलतो. घरच्या माणसाला ‘बोल’ म्हणावयाचे तरी ‘आब्ला’च. परंतु ‘आपण बोलावे’ म्हणावयाचे झाले, की ‘आब्ले’. आता दुसऱ्या कुळाकडे या. ‘कोमेर’ म्हणजे खाणे. ‘कोमे’ म्हणजे तो खातो, आणि ‘कोमा’ म्हणजे खावे. ‘आब्रीर’ म्हणजे उघडणे. ‘आब्रे’ म्हणजे तो उघडतो, ‘आब्रा’ म्हणजे उघडा. थोडक्यात, आर-कुळाने आपला ‘आ’ द्यावा आणि ‘ए’ घ्यावा. एर-ईर कुळांनी ‘ए’ देऊन ‘आ’ घ्यावा, असे हे साटेलोटे आहे. म्हणून शेवटी ‘ए’ ऐकू आला म्हणजे आज्ञाच, असा सरसकट नियम करता येत नाही. क्रियापद कोणत्या कुळातले, हे आधी ठाऊक हवे. समोर अनेक माणसे असली, की त्याच रूपाला शेवटी ‘न’ लागतो : आब्लेन, कोमान.

रोजच्या वापरातली काही क्रियापदे थोडी हट्टी आहेत. त्यांच्यासाठी ‘मी’चे रूप आठवावे. ‘देसीर’ म्हणजे सांगणे; ‘दीगो’ म्हणजे मी सांगतो; त्यावरून ‘दीगा’, सांगावे. तसेच ‘बेनीर’, येणे; ‘बेंगो’, मी येतो; ‘बेंगा’, यावे.

पुष्कळदा आज्ञेला एक शेपूट लागते. ‘दीगा’ला ‘मे’ म्हणजे ‘मला’ जोडला, की ‘दीगामे’ : मला सांगा. स्पेनमध्ये टेलिफोन उचलल्यावर हाच शब्द कानी पडतो. ‘स्येन्तेसे’ म्हणजे बसा. शेपूट लागले तरी जोर पूर्वीच्याच जागी राहतो : दी-गामे, स्येन्-तेसे. पण नकार आला, की शेपूट निघून क्रियापदाच्या पुढे जाऊन बसते : ‘नो मे दीगा’, मला सांगू नका, ‘नो से स्येन्ते’, बसू नका. तेव्हा आधी ‘नो’ आहे की नाही ते ऐकावे. आपला खलाशी डॉक्टरपुढे आहे. ‘आब्रा ला बोका’ म्हणजे तोंड उघडा. ‘रेस्पीरे ओन्दो’ म्हणजे खोल श्वास घ्या. आणि ‘नो रेस्पीरे’ म्हणजे श्वास घेऊ नका. फरक एका ‘नो’चा, पण केवढा!

रस्त्यावरही तेच. ‘सीगा देरेचो’ म्हणजे सरळ पुढे चला. ‘दोब्ले आ ला देरेचा’ म्हणजे उजवीकडे वळा. ‘देरेचो’ आणि ‘देरेचा’ यांत अंतर एका स्वराचे. पण तो हुकला, तर माणूस भलत्याच गल्लीत शिरावयाचा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. ही रूपे फळ्यावर लिहून घोकून घेण्याआधी कृतीने शिकवावीत. ‘पासे’ म्हणजे आत या, ‘स्येन्तेसे’ म्हणजे बसा, ‘एस्पेरे’ म्हणजे थांबा, ‘एस्क्रीबा’ म्हणजे लिहा. या चारच आज्ञा उलटसुलट क्रमाने द्याव्यात, मध्येच एखादा ‘नो’ घालावा आणि मुलांनी तसे करून दाखवावे. कान तयार झाला, की व्याकरण मागून सुखाने येते.

आणि एवढे करूनही बोलणे निसटलेच, तर मान डोलावून वेळ मारून नेऊ नये. सरळ म्हणावे, ‘रेपीता, पोर फाबोर’ : कृपया पुन्हा सांगा. ही ‘रेपेतीर’ या ईर-कुळातल्या क्रियापदाची आदरार्थी आज्ञाच आहे, आणि शिकणाऱ्याने स्वतः द्यावयाची पहिली आज्ञाही हीच.