रोग्याच्याच पेशींची लस (लेखांक 6)

लस निरोगी माणसाला टोचायची असते, अशी आपली पक्की समजूत. बाळाला पोलिओचे थेंब पाजतात, मुलींना गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ नये म्हणून एचपीव्हीची लस देतात, म्हणजे सगळा बंदोबस्त आजार दाराशी येण्याआधीचा. या आठवड्यातली लस मात्र कर्करोग होऊन बसलेल्या माणसालाच देतात. तिची एक पिशवी जगात एकाच माणसाच्या उपयोगाची, कारण ती त्याच्याच रक्तातल्या पेशींपासून केलेली असते.

शरीराच्या लढवय्या टी पेशींवरचा दाब काढून घेणारी औषधे आपण गेल्या लेखात पाहिली. पण दाब निघाला तरी शत्रू कोण हे टी पेशीला आधी कळायला हवे, आणि ते तिला आपोआप कळत नाही. कोणीतरी दाखवून द्यावे लागते. हे काम डेंड्रायटिक पेशींचे.

पायात काटा रुतून चिघळला की जांघेत अवधाण येते. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, असे का? त्वचेत पहाऱ्यावर असलेल्या डेंड्रायटिक पेशी जखमेतल्या जंतूंना गिळतात, त्यांचे तुकडे करतात, लसीकावाहिन्यांतून वर सरकत जवळच्या लसीकाग्रंथीत पोचतात आणि तिथे ते तुकडे आपल्या अंगावर मांडून टी पेशींना दाखवत बसतात. हजारो टी पेशी येऊन पाहून जातात. ज्या एखादीला तो तुकडा नेमका जुळतो, तिची भराभर पैदास सुरू होते. ग्रंथी फुगते त्यात या धामधुमीचाही वाटा असतो. पोलिसांच्या खबऱ्यासारखे हे काम आहे : स्वतः हात उचलायचा नाही, पण पक्की खबर योग्य ठाण्यावर पोचवायची.

खबर धोक्याची की नेहमीची, हेही याच पेशी सांगतात. धोक्याची खूण सोबत नसेल तर टी पेशी तो तुकडा पाहून उलट गप्प बसायला शिकतात. हे चांगलेच आहे, नाहीतर आपण स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडलो असतो. पण कर्करोग नेमका इथेच डाव साधतो. गाठ आपल्याच पेशींची, त्यामुळे ती जंतूसारखी परकी दिसत नाही. शिवाय आसपासच्या डेंड्रायटिक पेशींना अर्ध्याकच्च्या अवस्थेत ठेवणारी द्रव्ये ती सोडत राहते. मग साधा विचार असा निघाला की या पेशी गाठीच्या वाऱ्यालाही उभ्या न करता शरीराबाहेर, प्रयोगशाळेत तयार कराव्यात, तिथेच त्यांना कर्करोगाचा तुकडा दाखवावा आणि पक्क्या झाल्या की परत शरीरात सोडाव्यात.

त्वचेतल्या या फांद्यावाल्या पेशी पाउल लांगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने 1868 सालीच पाहिल्या होत्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत अशाच पेशी ओळखल्या. त्या इतक्या थोड्या असत की ही वेगळी जात आहे हे मानायला पुष्कळांची बरीच वर्षे तयारी नव्हती. माणसाच्या रक्तातही त्या पांढऱ्या पेशींच्या एक टक्क्याहून कमी. लस करायची तर इतक्या पेशी आणायच्या कुठून? 1994 मध्ये सालुस्तो आणि लान्झाव्हेकिया यांनी रक्तातल्या मोनोसाइट पेशींपासून त्या भांड्यात वाढवता येतात हे दाखवले आणि ही अडचण सुटली. दोनच वर्षांनी स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी लिम्फोमाच्या चार रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत 29 एप्रिल 2010 रोजी ज्या पेशीलशीला मान्यता मिळाली तिचे नाव प्रोव्हेंज. प्रोस्टेटचा कर्करोग शरीरात पसरलेला आहे आणि पुरुषी संप्रेरके रोखूनही तो दबत नाही, अशा रुग्णांसाठी ती आहे. रुग्णाला तीन-चार तास यंत्राला जोडतात. एका नळीने रक्त बाहेर येते, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात, बाकीचे रक्त परत अंगात जाते. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे ओठांभोवती मुंग्या येतात. पेशी विमानाने कारखान्यात जातात. तिथे प्रोस्टेटमधले एक प्रथिन आणि पेशींना जागे करणारे एक द्रव्य यांचे जोडप्रथिन त्यांच्यासोबत दीडेक दिवस ठेवतात. तयार पिशवीला मुदत फक्त 18 तासांची. विमान चुकले किंवा तपासणीत पिशवी नापास झाली की पेशी काढण्यापासून सगळे पुन्हा. असे तीन वेळा, साधारण दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने.

एवढा खटाटोप करून पदरात काय पडले? 512 रुग्णांच्या चाचणीत लस घेतलेल्यांचे मध्यम आयुष्य 25.8 महिने भरले, न घेतलेल्यांचे 21.7. फरक चार महिन्यांचा. गंमत अशी की गाठी फारशा आकसल्या नाहीत आणि आजार पुढे सरकण्याचा वेगही मंदावलेला दिसला नाही. आयुष्य तेवढे वाढले. तीन पिशव्यांची किंमत 93,000 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने चाळीस लाख रुपयांहून अधिक. पुढच्या दोन वर्षांत याच आजारावर नुसत्या गिळायच्या दोन गोळ्या आल्या आणि 2014 मध्ये लस बनवणाऱ्या डेंड्रिऑन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लस आजही मिळते, पण तिचा बोलबाला उरला नाही.

कल्पना इतकी देखणी आणि फळ इतके तोकडे का? मला सर्वांत बोलका वाटतो तो नेदरलँड्समधला 2005 चा प्रयोग. नाइमेखनच्या संशोधकांनी मेलानोमाच्या आठ रुग्णांना डेंड्रायटिक पेशी थेट लसीकाग्रंथीत टोचल्या. टोचणारे अनुभवी होते, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दिसत होती. या पेशींत त्यांनी लोहाचे बारीक कण भरून ठेवले होते, म्हणून एमआरआयवर त्यांचा माग काढता आला. निम्म्या रुग्णांत पेशी ग्रंथीत गेल्याच नव्हत्या, शेजारच्या चरबीत पडून होत्या. त्वचेत टोचल्या तर ग्रंथीपर्यंत पोचणाऱ्या पेशी शेकड्याला पाचही नसतात. त्यात या लशी बहुधा बाकी सगळे उपाय थकल्यावर, रोगाने प्रतिकारशक्ती पोखरल्यावर देऊन पाहिल्या गेल्या. तेव्हा कल्पनाच फसली असे मी म्हणणार नाही. पण ती सिद्ध झाली असेही कोणी म्हणू नये.

स्टाइनमन यांची गोष्ट इथे नेहमी सांगितली जाते. 2007 मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. स्वतःच्याच गाठीचा माल वापरून केलेल्या डेंड्रायटिक लशी त्यांनी प्रायोगिक उपचार म्हणून घेतल्या आणि ते साडेचार वर्षे जगले. 30 सप्टेंबर 2011 रोजी ते गेले. तीनच दिवसांनी त्यांचे नाव नोबेलसाठी जाहीर झाले, तेव्हा ते हयात नाहीत हे समितीला ठाऊक नव्हते. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, तरी निवड प्रामाणिकपणे झाली म्हणून ते कायम ठेवले. गोष्ट चटका लावणारी आहे, पण पुरावा म्हणून ती चालणार नाही. त्यांची शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपी झाली होती, इतरही प्रायोगिक उपचार चालू होते. साडेचार वर्षांतली किती कुणाच्या खात्यावर टाकायची, हे एका रुग्णावरून ठरत नाही.

हे सांगायचे कारण, हताश घरांना ‘तुमच्याच पेशींची लस, दुष्परिणाम नाहीत’ असे सांगून लाखांचा खर्च दाखवणारे भेटतात. असा सल्ला मिळाला तर आपल्या कर्करोगतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा : या लशीला आपल्या आजारासाठी औषध नियंत्रकांची मान्यता आहे का, ती घेण्यासाठी चालू उपचार थांबवावे लागतील का, आणि ही चाचणी असेल तर तिची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया’मध्ये आहे का. ही नोंद 2009 पासून सक्तीची आहे आणि संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. चाचणीतल्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. कोणी मागत असेल तर चेक लिहिण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

(पुढील आठवड्यात : खबऱ्याला वगळून टी पेशीलाच बदलणारी कार-टी उपचारपद्धती आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांची नेक्सकार 19.)