स्टार गेला, मग टीमचं काय?

आपला हुकमी एक्का दुसऱ्याला देऊन टाकायचा, की काहीही झालं तरी धरून ठेवायचा? कबड्डीच्या मैदानावर पडलेला हा प्रश्न एका शुक्रवारी थेट माझ्या डेस्कवर येऊन बसला...

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला बॉसने केबिनमध्ये बोलावलं. शुक्रवारी साडेसहाला येणारं बोलावणं कधीच चांगलं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘तुझ्या टीममधली ती मुलगी बंगलोरला देऊ या,’ बॉस म्हणाला. ‘बदल्यात दोन ज्युनियर घे. वर थोडं बजेटही वाढवून देतो. सोमवारी सांग.’

‘देऊ या’ म्हणजे जणू काही स्टेपलर! ही मुलगी म्हणजे माझ्या टीमचा हुकमाचा एक्का. क्लायंट चिडला की तिला पुढे करायचं आणि आपण निवांत कॉफी प्यायची, असा गेल्या तीन वर्षांचा शिरस्ता. ती गेली तर माझं काय? (हो, पहिला विचार हाच आला. उगाच खोटं कशाला बोलू!)

सॉलिड टेन्शन आलं. अशा वेळी मी एकच करते. शनिवारी सकाळी गेटवेवरून कॅटॅमरान पकडते आणि तासाभरात मांडवा.

जेट्टीपलीकडचं मांडवा

मांडवा म्हटलं की लोकांना अजूनही ‘अग्निपथ’मधला विजय दीनानाथ चौहान आठवतो. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि गाडीसकट येणारी वीकेंड गर्दीही वाढली. जेट्टीवरचं खाणं, अलिबागचा बीच, संध्याकाळी परत. माझ्यासाठी मात्र मांडवा म्हणजे आजोळ. आणि आजोळ म्हणजे कबड्डी.

थंडीच्या दिवसांत या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या गावात सामने असतातच. शेतातली जागा साफ करून मैदान आखायचं, बांबूंवर दिवे चढवायचे, लाऊडस्पीकरवर समालोचन, आणि बायाबापड्यांसकट सगळं गाव कडेला. माझा मामा गावच्या संघाचा सर्वेसर्वा. आणि माझा मामेभाऊ त्या संघाचा स्टार रेडर... होता.

होता, कारण महिन्याभरापूर्वी मुंबईतल्या एका कंपनीच्या संघाने त्याला उचललं. महिन्याला पगार, राहायची सोय, नीट कोच. आता तो गावाकडून खेळू शकत नाही. सामन्याच्या रात्री तो नव्या ट्रॅकसूटमध्ये माझ्या शेजारी मैदानाबाहेर बसला होता, आणि हाताची नखं खात होता.

अनुप गेला तेव्हा...

हे दुःख मला नवीन नाही. 2014 साली प्रो-कबड्डी सुरू झाली आणि वरळीच्या एनएससीआयमध्ये ‘यू मुंबा’च्या नावाने घसा फोडणाऱ्यांत मीही होते. पहिल्या तिन्ही सीझनमध्ये टीम फायनलला, 2015 मध्ये विजेतेपद, आणि कॅप्टन अनुप कुमार. माणूस हरियाणाचा, पण आम्ही त्याला केव्हाच मुंबईकर करून टाकलं होतं. 2018 च्या लिलावात तो जयपूरकडे गेला, अवघ्या 30 लाखांत. त्याच लिलावात यू मुंबाने इराणच्या फझल अत्राचलीवर 1 कोटी लावले. प्रो-कबड्डीतला तो पहिला कोट्यधीश. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अनुपने निवृत्ती जाहीर केली. मी आठवडाभर त्याची जर्सी घालून झोपले होते.

पण त्याच सीझनने आम्हाला आणखी एक हिरो दिला. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई. यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं आणि पठ्ठ्याने पहिल्याच सीझनमध्ये रेडचे 218 पॉइंट कुटले. लोक त्याला ‘बाहुबली’ म्हणायला लागले. अस्सल मराठी मातीतला रेडर, मुंबईच्या टीममध्ये! आता हा आपलाच, असं म्हणेपर्यंत 2019 चा लिलाव आला. यू मुंबाने त्याला राखलं नाही. तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाखांना नेला.

तेव्हा मी खूप चिडले होते. आता हिशोब कळतो. त्या वर्षी एका संघाला अख्खी टीम बांधायला साधारण 4 कोटी 40 लाखच मिळत होते. म्हणजे एका खेळाडूवर तिजोरीचा तिसरा हिस्सा! मग उरलेल्या माणसांना काय देणार?

आणि पुढे काय झालं? देसाईने हैदराबादकडूनही दोनशेहून जास्त पॉइंट काढले. पण टायटन्स गुणतक्त्याच्या तळाशीच घुटमळले. आणि देसाईशिवायची यू मुंबा थेट सेमीफायनलला पोचली.

मग काय, स्टारला सोडणंच शहाणपणाचं? थांबा. पुण्याची गोष्ट ऐका.

पुण्यात उचललेली ट्रॉफी

2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलुईवर 2 कोटी 35 लाख ओतले. 1 मार्च 2024 ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद पटकावलं. पण पुढच्या लिलावाआधी शादलुईला मोकळं केलं. त्याला घेतलं कुणी? ज्यांना त्याने फायनलमध्ये रडवलं होतं, त्याच हरियाणाने, 2 कोटी 7 लाखांना!

29 डिसेंबर 2024 ला हरियाणा चॅम्पियन झाली. शादलुई स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि ही फायनल झाली कुठे? पुण्यात, बालेवाडीला. पलटण त्या सीझनला प्ले-ऑफमध्येही नव्हती. पुणेकरांना काय वाटलं असेल, ते विचारू नका.

पण गोष्ट इथेही संपत नाही. 2025 मध्ये पलटण शादलुईशिवाय पुन्हा फायनलला पोचली आणि दिल्लीकडून अवघ्या तीन पॉइंटनी हरली. आणि शादलुई? तो तोवर हरियाणाही सोडून गुजरातकडे गेला होता.

सातासमुद्रापारही हेच. 9 ऑगस्ट 1988 ला कॅनडातल्या एडमंटन ऑयलर्सनी आइस हॉकीचा देव मानला जाणारा वेन ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला देऊन टाकला. पाच वर्षांत चार विजेतेपदं मिळवून देणारा माणूस! बदल्यात खेळाडू आणि दीड कोटी डॉलर. पत्रकार परिषदेत ग्रेट्झ्की रडला. सरकारने हा सौदा थांबवावा, अशी मागणी तिथल्या एका खासदाराने केली. आणि 1990 मध्ये एडमंटनने त्याच्याशिवाय पुन्हा चषक जिंकला. ग्रेट्झ्कीला मात्र तो पुन्हा कधीच मिळाला नाही.

म्हणजे नियम असा काही नाहीच. सोडून फायदा होतो, तोटाही होतो.

मामाचा प्रश्न

त्या रात्री मामाचा संघ क्वार्टर फायनलला दोन पॉइंटनी हरला. मामेभाऊ असता तर जिंकलो असतो, हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. पण शेवटच्या पाच मिनिटांत एक अकरावीतला पोरगा रेडला गेला आणि तिघांना हात लावून परत आला. गेली दोन वर्षं तो राखीव म्हणून कडेलाच बसायचा.

घरी आल्यावर तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी समोर आली. मी मामाला विचारलं, ‘वाईट नाही वाटलं? तू एवढा घडवलास त्याला.’

‘वाटला ना,’ मामा म्हणाला. ‘पण पोरगा काय आपल्या ओट्यावर बसवून ठेवाचा हाय का? तो गेला तं दुसरा येल. आज दिसला ना?’

मग मी माझं ऑफिसचं रामायण सांगितलं. बंगलोर, दोन ज्युनियर, बजेट, सगळं. वर यू मुंबा आणि पलटणचे दाखलेही दिले. मामाने शांतपणे ऐकलं. भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, ‘बाय, तिला इचारलंस का?’

खोटं नाही सांगत, माझा घास तसाच राहिला. नव्हतं विचारलं. बॉसने नाही, मीही नाही. दोन दिवस मी फक्त माझ्या टीमचं काय, माझं काय, एवढाच हिशोब मांडत होते.

‘मी इचारला होता त्याला,’ मामा पुढे म्हणाला. ‘तीन रात्री झोपला नाय तो. मंग हो बोलला. मंगच कागदावर सही केली मी.’

मामेभाऊ खाली मान घालून जेवत होता.

सोमवार

सोमवारी सकाळी मी बॉसच्या केबिनमध्ये जायच्या आधी तिला घेऊन खालच्या टपरीवर गेले. सगळं सांगितलं. ती हसली. ‘मला दोन आठवड्यांपासून माहितीये,’ म्हणाली. ‘तू कधी विचारतेस याची वाट बघत होते.’

तिला जायचं होतं. पण असं ‘बदल्यात’ नाही. पद वाढवून हवं होतं, पगार हवा होता, आणि सहा महिन्यांनी नाही जमलं तर परत यायची मुभा हवी होती. मी वर जाऊन बॉसशी भांडले. दोन गोष्टी मिळाल्या, परत यायची मुभा काही मिळाली नाही. तरी ती गेली.

पुढच्या महिन्यातलं पहिलं प्रेझेंटेशन आमचं पार आपटलं. क्लायंटने विचारलंच, ‘ती कुठेय?’ मी तोंड पाडून बसले होते, तेवढ्यात दोन नव्या ज्युनियरपैकी एकाने कधी नव्हे तो हात वर केला. ‘मी एक सुचवू?’

मला एकदम मांडव्याचं ते मैदान आठवलं.

चौकट : तुमच्या टीममधला स्टार जातोय?

\- आधी त्याच्याशी बोला. बातमी त्याला तुमच्याकडूनच कळू दे, पॅण्ट्रीतून नको.

\- ‘माझं काय?’ हा प्रश्न पडणारच. पडू द्या. फक्त तो एकटाच नको.

\- सगळं बजेट एकाच माणसावर लावलंत, तर बाकीचे कधी शिकणार?

\- बेंचवर कोण बसलंय, ते आजच बघून ठेवा.

\- जाणाऱ्याला नीट निरोप द्या. पुढच्या वर्षी तो समोरच्या टीममधून खेळत असेल!