खाडीच्या अल्याडची चर्च

भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस पकडली की टॉवरांची गर्दी विरळ होत जाते. मिठागरं, खाजणं, राई-मुर्ध्याची जुनी वस्ती आणि मग डोंगरी. हद्द मीरा-भाईंदर महापालिकेची, पण गाव अजून गावासारखंच वागतं. नाक्यावर कुरूस, कुरसापुढे मेणबत्त्या, कौलारू घरांमधून वाट काढणारी गल्ली, आणि सगळ्यांचं येणंजाणं जिथे मिळतं ते चर्च.

धारावी बेट म्हणून जुन्या कागदांत जो भाग येतो, तो हाच. (झोपडपट्टीमुळे जगाला ठाऊक झालेली धारावी वेगळी.) या पट्ट्यातली मुख्य चर्च मरियामातेची आहेत. भाईंदरचं अवर लेडी ऑफ नाझरेथ, डोंगरीचं अवर लेडी ऑफ बेथलेहेम आणि उत्तनच्या कोळ्यांचं अवर लेडी ऑफ द सी. नाझरेथ आणि बेथलेहेम एकाच बसच्या मार्गावर यावीत, हे भाग्य भाईंदरकरांचंच.

कथेची सुरुवात 1534 सालात आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडच्या पार्लमेंटने आठव्या हेन्रीला तिथल्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरवलं. खेडोपाडीची शेकडो वर्षांची दगडी चर्च रोमपासून तुटली आणि पुढे अँग्लिकन झाली. भिंती त्याच, मालक नवा. पुढच्याच महिन्यात, 23 डिसेंबरला, गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री इथे आले, कोळीवाडे-आगरांतून माणसं बाप्तिस्मा घेऊ लागली आणि गावोगाव चर्च उभी राहिली. तिकडे जुन्या वास्तूंना नवा धर्माधिकारी मिळाला. इकडे जुन्या गावांना नवी वास्तू मिळाली.

या दोन टोकांना जोडणारा माणूस मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्मले इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात. तिथली गावची चर्च अँग्लिकन झालेली. ते मात्र कॅथलिक राहिले, जेझुइट झाले, 1579 मध्ये गोव्याला पोचले आणि 1616 मध्ये त्यांचं मराठी ओवीबद्ध पुराण छापून झालं.

वास्तू म्हणून पाहिलं तर इंग्लंडचं खेड्यातलं चर्च आणि साष्टीतलं चर्च यांचा आराखडा फार दूरचा नाही. लोकांनी बसायचं लांबट दालन, त्याच्या टोकाला वेदीची अरुंद जागा, एका अंगाला घंटेचा मनोरा. फरक पाडला तो पावसाने. इथे छपराला लाकडी कैच्या आणि कौलं, भिंतींना चुन्याचा गिलावा, दर्शनी बाजूला त्रिकोणी माथा. दगड मिळवायला मात्र लांब जावं लागत नव्हतं. डोंगरी-उत्तनच्या टेकड्या ट्रॅकाइट नावाच्या ज्वालामुखीजन्य दगडाच्या आहेत आणि खाणी त्यांना नव्या नाहीत. वसई भागातला घडीव दगड तर जहाजांतून गोव्यापर्यंत जाई. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागाला तोच लागला आहे.

डोंगरीच्या चर्चसमोर उभं राहून ‘यातलं मूळचं किती?’ असा प्रश्न विचारणारे हौशी अभ्यासक निराश होतात. ज्या चर्चमध्ये दर रविवारी मिस्सा होते, लग्नं लागतात, मयती येतात, तिथे कौलं बदलतात, गिलावा नवा होतो, फरशी उचलली जाते. जसंच्या तसं राहायला ते काही संग्रहालय नव्हे.

जुनं बांधकाम पाहायचं तर पलीकडे वसईच्या किल्ल्यात जावं. तिथली चर्च जास्त भव्य, आणि बिनछपराची. 6 मार्च 1739 रोजी चिमाजी अप्पांनी धारावीचं ठाणं घेतलं. खाडीच्या तोंडावरची ही जागा गेल्यावर वसईचा समुद्रमार्ग आवळला गेला आणि मे महिन्यात किल्ला पडला. फिरंगी सरदार गोव्याकडे निघून गेले. चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या. भीमाशंकरला टांगलेल्या घंटेवर 1729 चा आकडा आहे, आणि नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीसारखी बोलण्यात रुळली.

गावातली चर्च टिकली, कारण ती निघून जाणाऱ्यांची नव्हतीच. 1760 च्या सुमारास साष्टीतून गेलेल्या आंकेतिल द्युपेराँ या फ्रेंच प्रवाशाला मराठी अमलातही ख्रिस्ती उपासना बिनधोक चाललेली दिसली. पाद्रीही याच देशातले होते. 1774 मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली. त्यांनी स्वतःसाठी अँग्लिकन चर्च बांधली ती मुख्यतः मुंबईत. कोटातलं सेंट थॉमस 1718 मध्ये सुरू झालंच होतं, कुलाब्याचं अफगाण चर्च 1858 चं. साष्टी-मुंबईच्या कॅथलिकांनी 1887 मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, पण घरची बोली मराठीच राहिली. धर्मप्रांताच्या हद्दीवरून गोवा आणि मुंबईत चाललेला वाद 1928 च्या करारापर्यंत पुरला. गावकऱ्यांना त्यातलं किती जाणवलं असेल, शंकाच आहे. सण आणि मासेमारीचा हंगाम आपल्या वेळेलाच येत होते.

पाहायला जायचं तर डोंगरी, उत्तन आणि चौक या गावांसाठी अर्धा दिवस काढावा. चौकाच्या टोकावर चिमाजी अप्पांचा पुतळा आहे आणि समोर खाडीपलीकडे वसई. 8 सप्टेंबरच्या आसपास उत्तनच्या वेलंकनी मातेच्या सणाला मोठी गर्दी होते. वास्तू निवांत पाहायची असेल तर ते दिवस टाळावेत. मिस्सा चालू असेल तर फोटो काढू नयेत, आणि बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांशी जरूर बोलावं.