कुरडया उन्हात, रामेन गॅसवर

पहाटे 5
एप्रिलमध्ये लोह्यातली कामं ऊन चढायच्या आत उरकावी लागतात. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक रात्रभरात खाली बसलाय. वरचं पाणी काढून टाकायचं, आधणात मीठ-हिंग घालून चीक सोडायचा आणि हाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पातेल्यापाशीच उभ्या असतात. चिकाला चकाकी आली की तो गरम गरमच सोऱ्यात भरून गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया घालायच्या. चाळिशी ओलांडणारं आमचं ऊन दोन दिवसांत त्या खडखडीत वाळवतं.
निघण्याआधी शिताके जातीचे सुके मशरूम गार पाण्यात भिजत घालते. संध्याकाळी हेच पाणी कामाला येणार आहे.

सकाळी 7
सकाळची शाळा. आठवीच्या पोरींना रामेन ठाऊक आहे ते ‘नारुतो’मुळे. त्या कार्टूनमधला नायक इचिराकूच्या दुकानात वाडग्यामागून वाडगा संपवतो. घरी लेकीनंही तिथूनच हट्ट धरला.

दुपारी 12.30
“मॅडम, पार्सल आलंय, घरी हाव का?” कुरिअरवाल्या पोराचा फोन.
रामेनचं किट मागवताना मी सुक्या शेवयांचंच निवडलं. ताज्या, ओल्या शेवयांच्या किटला कारखान्यापासून दारापर्यंत बर्फाची सोबत लागते, आणि नांदेडहून लोह्यापर्यंतचा रस्ता या दिवसांत तापलेला असतो. सुकी शेवई, मिसोची पाकिटं, तिळाच्या तेलाची पुडी एवढं पुरे. पातीचा कांदा, मक्याचं कणीस, अंडी आपल्या बाजारात मिळतात. त्यांचे पैसे किटवाल्याला कशाला मोजायचे?

दुपारी 1
जेवणाआधी पाकिटावरचा मजकूर वाचायचा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असलीच पाहिजे. हिरवा ठिपका शाकाहाराचा, तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा. आत्याबाईंच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे इथे अंदाजानं चालत नाही. ‘तोनकोत्सु’ म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेला दाट रस्सा. ‘शोयु’ सोया सॉसचा, ‘शिओ’ मिठाचा. पण या दोन्हींतही बहुतेकदा कोंबडीचा किंवा बोनिटो माशाचा अर्क असतो. मिसोच्या पाकिटातही मासा असू शकतो. म्हणून हिरवा ठिपका बघूनच घेतलंय.

मिसोच्या घटकांत पहिलंच नाव सोयाबीन. तिथे मी थांबले. लोहा, कंधार, अहमदपूर या सगळ्या पट्ट्यात खरिपाचं मुख्य पीक तेच. 2024-25 साली क्विंटलला 4892 रुपये हमीभाव होता आणि तेवढा पदरात पडेपर्यंत शेतकऱ्याची दमछाक झाली. आपलं सोयाबीन लातूरच्या बाजारात जातं, त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. जपानात तेच सोयाबीन शिजवून, ठेचून, तांदळावर वाढवलेली कोजी नावाची बुरशी आणि मीठ मिसळून महिनोन्‌महिने मुरवतात. त्याची एवढीशी पुडी आपण शेकड्यांनी रुपये टाकून किटातून विकत घेतो. पिकवणाऱ्या गावात या दाण्याचं घरच्या ताटातलं रूप कुणीच कसं शोधलं नाही, याची मला खरंच खंत वाटते.

संध्याकाळी 5
भिजलेल्या शिताकेचं पाणी गाळून मंद आचेवर ठेवलं. त्यात कोंबू या समुद्री शेवाळाची पट्टी; उकळी फुटायच्या आत ती काढून घ्यायची, नाहीतर रस्सा चिकट आणि कडवट होतो. 1908 साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोंबूच्याच रश्शातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. किटवर ‘गरम पाणी घाला’ एवढंच लिहिलंय. तसं केलं तरी पोट भरतं, पण चवीला खोली येते ती या रश्शानं.

रात्री 8
मॅगी 1983 पासून आपल्याकडे आहे, त्यामुळे हात सवयीनं एकाच पातेल्याकडे जातो. रामेनला दोन लागतात. शेवया भरपूर बिनमिठाच्या पाण्यात तीन मिनिटं उकळून निथळायच्या आणि ते पाणी फेकायचं, कारण त्यात खार आणि पिठूळपणा उतरलेला असतो. वाडग्यात आधी मिसो, त्यावर कढत रस्सा, मग शेवया. वर कणसाचे दाणे, पात, आमच्या दोघींच्या वाडग्यात अर्धं अंडं. लगेच खायचं, नाहीतर शेवया फुगतात.
रामेनच्या अख्ख्या वाडग्यात पाच-सहा ग्रॅम मीठ सहज असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. आत्याबाईंना बीपी आहे. त्यांच्या वाडग्यात निम्मंच मिसो घातलं, आणि उरलेला रस्सा पिऊ नका म्हणून सांगितलं.
त्यांनी एक शेवई बोटांनी ताणून बघितली. “यात खार हाय गं,” म्हणाल्या.
बरोबर ओळखलं. कानसुई म्हणतात ते सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. आपला पापडखारही त्याच जातीचा. त्यानंच पिठाला पिवळी झाक येते, चिवटपणा येतो, आणि रश्शात पडूनही शेवई लगेच मऊ होत नाही.

रात्री 9.30
भांडी झाल्यावर गल्लीतल्या शेवयांच्या मशीनवाल्या ताईंकडे गेले. उन्हाळाभर त्या किलोच्या मजुरीवर गव्हाच्या शेवया काढून देतात. त्यांना रामेनच्या शेवयांचं माप सांगितलं: 1 किलो मैदा, 10 ग्रॅम खार, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पाणी, थोडं मीठ, पीठ कोरडं, रवाळच राहतं, ते झाकून मुरू द्यायचं. कोरड्या पिठानं मशीन अडेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, विकत कोण घेणार? मी माझ्या वर्गातल्या पोरींची नावं सांगितली. अक्षय तृतीयेपर्यंत मशीनला उसंत नाही, त्यानंतर एक किलोचा घाणा काढून बघू, असं ठरलं. मैदा माझा, खार त्यांच्याकडचा.